‘जेव्हा’ आणि ‘केव्हा’ : इंग्रजीतील भविष्यकाळ

बेळगावनजीकच्या कडोली गावातील शेतकरी ‘पाऊस पडला की पेरू’ असे म्हणतो. पाऊस यावयाचा असूनही क्रियापद भूतकाळी असते. ‘जेव्हा पाऊस पडेल, तेव्हा पेरू’ असेही मराठीत म्हणतात. हे दुसरे वळण विद्यार्थी इंग्रजीत नेतात आणि ‘व्हेन इट विल रेन’ असे लिहून गुण गमावतात. इंग्रजीत अशा कालदर्शक उपवाक्यात वर्तमानकाळ व मुख्य वाक्यात भविष्यकाळ योजतात : ‘व्हेन इट रेन्स, वुई विल सो.’ ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अन्टिल’ यांनाही हाच नियम लागू आहे. मात्र ‘पाऊस केव्हा पडेल, ठाऊक नाही’ या वाक्यात ‘विल’च हवे : ‘आय डोन्ट नो व्हेन इट विल रेन.’ शिक्षकांनी ही पारख प्रथम मराठीतच करून द्यावी : भविष्यातील गोष्ट सांगताना ‘की’ वा ‘जेव्हा’ असेल तेथे इंग्रजीत वर्तमानकाळ, ‘केव्हा’ असेल तेथे भविष्यकाळ.