रिंग तीच, दहा फुटांवर

व्हॉलीबॉलमध्ये महिलांसाठी जाळी १९ सेंटिमीटर खाली येते. बास्केटबॉलची रिंग मात्र पुरुषांइतकीच उंच, १० फूट (३.०५ मीटर). महिलांचा चेंडू किंचित लहान असतो, एवढाच काय तो फरक. म्हणून उंच झेपावून चेंडू वरून थेट रिंगमध्ये घालण्याचं, म्हणजे ‘डंक’चं, एवढं अप्रूप.

२१ डिसेंबर १९८४ रोजी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ६ फूट ७ इंच उंचीच्या जॉर्जअ‍ॅन वेल्सने अमेरिकी महिला कॉलेज बास्केटबॉलच्या अधिकृत सामन्यातला पहिला डंक मारला. त्याचं चित्रण प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांकडे होतं. ते लोकांसमोर यायला २००९ साल उजाडलं! एवढा पराक्रम पाव शतक नुसता ऐकीव राहिला, याची हळहळ वाटते.

डब्ल्यूएनबीए या अमेरिकी महिला व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या डंकचा मान लिसा लेस्लीचा (३० जुलै २००२), ऑलिम्पिकच्या महिला बास्केटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिझ कॅम्बेजचा (लंडन, २०१२). ब्रिटनी ग्रायनरने तर २०१३ मध्ये डब्ल्यूएनबीए पदार्पणातच दोन डंक मारले.

डंक क्वचित दिसतात म्हणून महिलांचा खेळ कमी प्रतीचा, हा युक्तिवाद मात्र साफ चुकीचा. डंकलाही गुण दोनच मिळतात, रिंगजवळून अलगद सोडलेल्या ले-अपइतकेच.