विश्लेषण : गव्हातले तण औषधाला दाद का देत नाही? पंजाब-हरियाणाचा अनुभव काय सांगतो?

गव्हाला पहिले-दुसरे पाणी बसले की पीक जोमात येते आणि त्याच्याबरोबर तणही. खुरपणीला मजूर वेळेवर मिळत नाहीत, मिळाले तरी मजुरी परवडत नाही. अशा वेळी एका फवारणीत शेत साफ करणारे तणनाशक सोपे वाटते. मात्र तेच औषध दरवर्षी मारत राहिल्यास एक दिवस तण मरायचेच थांबते. पंजाब आणि हरियाणातील गहू उत्पादकांनी हे एकदा नव्हे, दोनदा अनुभवले आहे. तिथे नेमके काय घडले आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावे?

सुरुवात कुठून झाली?

हरितक्रांतीत पंजाब-हरियाणात बुटक्या जातींचा गहू आला. पाणी आणि खते वाढली, भातानंतर गहू हा क्रम पक्का झाला. त्यातच एक गवतवर्गीय तण फोफावले. पंजाबात त्याला गुल्ली डंडा, हरियाणात मंडूसी म्हणतात. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर.

हे तण लहानपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. बुंध्याजवळची तांबूस छटा हीच त्याची ओळख. त्यामुळे हाताने निंदणे अवघड. शिवाय गहू काढणीला येण्याआधीच त्याचे बी जमिनीवर झडते आणि पुढच्या हंगामाची बेगमी होते.

यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आले. स्वस्त आणि परिणामकारक असल्याने शेतकरी वर्षानुवर्षे तेच वापरत राहिले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात ते चालेनासे झाले. हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतिकारशक्ती नोंदवली. काही शेतांत तण इतके माजले की शेतकऱ्यांनी हिरवा गहू चारा म्हणून कापून टाकला.

औषध चालेनासे का होते?

औषधामुळे तणात बदल होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात औषध निवड करते. लाखो रोपांत एखाद-दुसरे रोप निसर्गतःच वेगळे असते. फवारणीत बाकीची मरतात, ते उरते आणि त्याचे बी पडते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच औषध मारले की पुन्हा त्याचीच संतती वाचते. काही वर्षांत शेतात तेवढीच उरते.

ही रोपे दोन प्रकारे वाचतात. अनेक तणनाशके रोपातील एका ठरावीक विकराला अडवतात. ते कुलूप आणि किल्लीसारखे असते. काही रोपांत कुलूपच बदललेले असते, त्यामुळे किल्ली बसत नाही. दुसऱ्या प्रकारात रोप औषध काम करण्याआधीच ते पचवून टाकते. आयसोप्रोट्युरॉनबाबत मुख्यतः हा दुसरा प्रकार आढळला.

ब्रँड बदलला म्हणजे औषध बदलले का?

नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पंजाब-हरियाणात क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन ही नवी तणनाशके आली. सुरुवातीला शेते स्वच्छ झाली. दशकभरात त्यांनाही दाद न देणारा गुल्ली डंडा दिसू लागला. पुढे पिनोक्साडेन आले. नाव नवे असले तरी ते क्लोडिनाफॉपच्याच विकरावर काम करते.

म्हणून बाटलीवरचे मोठे नाव नव्हे, तर खालचे तांत्रिक नाव आणि त्याचा गट पाहावा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार गव्हातील प्रमुख तणनाशकांचे गट असे :

• गट १ : क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, पिनोक्साडेन (फक्त गवतवर्गीय तणांवर)
• गट २ : सल्फोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन
• गट ३ : पेंडिमेथॅलिन (उगवणीपूर्वी)
• गट ४ : २,४-डी (रुंद पानांच्या तणांवर)
• गट ५ : आयसोप्रोट्युरॉन, मेट्रिब्युझिन
• गट १५ : पायरोक्सासल्फोन (उगवणीपूर्वी)

यंदा गट १ मधले औषध वापरले असेल, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गटातले निवडावे. औषध पचवणारे तण कधी कधी दोन-तीन गटांनाही पुरून उरते. म्हणून केवळ गट बदलणे पुरेसे नाही.

महाराष्ट्रात काय वेगळे?

आपल्याकडे गव्हात चंदनबटवा, चांदवेल अशी रुंद पानांची तणे मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यामुळे आधी शेतात फिरून तण रुंद पानांचे आहे की गवतासारखे, ते पाहावे. रुंद पानांच्या तणावर क्लोडिनाफॉप मारले तर पैसे वाया जातात.

उगवणीनंतर फवारायच्या औषधांच्या एकरी मात्रा साधारण अशा :

• मेटसल्फ्युरॉन २० टक्के : ८ ग्रॅम
• क्लोडिनाफॉप १५ टक्के : १६० ग्रॅम
• सल्फोसल्फ्युरॉन ७५ टक्के : सुमारे १३ ग्रॅम

या औषधांची फवारणी साधारण पेरणीनंतर महिनाभराने, तण दोन ते चार पानांवर असताना करतात. पेंडिमेथॅलिन मात्र पेरणीनंतर लगेच, तण उगवण्याआधी मारावे लागते. खरेदीपूर्वी लेबल वाचावे आणि कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विज्ञान केंद्राची शिफारस पाहावी.

फवारणीत कुठे चुकते?

एकरात सुमारे ४ हजार चौरस मीटर असतात. म्हणजे मेटसल्फ्युरॉनची ८ ग्रॅमची पुडी चौरस मीटरला केवळ २ मिलिग्रॅम पडते. अंदाजाने चिमूट टाकून हे गणित जुळत नाही. कमी पडले तर अर्धमेले तण पुन्हा उभे राहते, जास्त पडले तर गहू पिवळा पडतो. म्हणून हे चार नियम :

• आधी साध्या पाण्याने एक पंप फवारून किती जागा होते ते मोजावे. एकराला १० पंप लागत असतील, तर १० लिटर पाण्यात पुडी विरघळवून प्रत्येक पंपात एक लिटर द्रावण टाकावे.
• सपाट पट्ट्यात फवारणारे नोझल वापरावे. जमिनीत ओल हवी, वारा नको.
• २,४-डी आणि क्लोडिनाफॉप एकत्र मिसळू नये. गवतावरचा परिणाम घटतो.
• २,४-डी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांच्या दरम्यानच मारावे. वेळ चुकली तर ओंब्या वेड्यावाकड्या निघतात.

आणखी एक धोका बांधापलीकडे आहे. द्राक्ष, कापूस आणि भाजीपाला २,४-डीला अतिशय संवेदनशील आहेत. वाऱ्याने उडालेले थेंब किंवा नीट न धुतलेला पंपही शेजारच्या बागेचे नुकसान करू शकतो. तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच ठेवावा. सल्फोसल्फ्युरॉनचा अंश जमिनीत राहतो. त्यामुळे गव्हानंतर मका किंवा ज्वारी घ्यायची असेल, तर ते टाळावे. जवाच्या पिकातही ते चालत नाही.

औषधाशिवाय काय करता येते?

हरियाणात आयसोप्रोट्युरॉन हरल्यानंतर शेतकऱ्यांना नव्या औषधांइतकाच आधार मिळाला तो विनानांगरट पेरणीचा. माती कमी हलली की तणाचे बी कमी उगवते. भाताचा पेंढा न जाळता शेतातच पसरल्यानेही तण दबते.

आपल्याकडे स्वच्छ बियाणे, योग्य अंतरावर पेरणी आणि हरभऱ्यासारख्या पिकाची फेरपालट हे उपाय हाताशी आहेत. फवारणीनंतर उरलेली तुरळक रोपे मात्र बी धरण्याआधी उपटलीच पाहिजेत. औषधाला दाद न देणारी रोपे त्यांतच असू शकतात. ती उपटायला यंदा एखादा दिवस पुरतो. सोडून दिली, तर काही वर्षांनी त्यांच्यावर चालेल असे औषध शोधावे लागते.

फवारणी झाली की वहीत किंवा मोबाइलमध्ये तारीख, तांत्रिक नाव, गट आणि मात्रा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुकानात औषध निवडताना हीच नोंद कामाला येईल.