शहापूर कोणते?

हल्ली मालमोटारीचा चालक हातातील फोनला तोंडी विचारतो, ‘शहापूरला कसे जायचे?’ आणि नकाशा वाट दाखवू लागतो. सोय मोठी खरी. परंतु शहापूर एक नव्हे. एक आपल्या बेळगावातच आहे, दुसरे ठाणे जिल्ह्यात, तिसरे यादगीर जिल्ह्यात. तुरीची भरलेली गाडी भलत्याच शहापुरी गेली, तर भाडे अंगावर पडते आणि वायदाही चुकतो.

यंत्राचा संदेह दोन प्रकारचा असतो. पहिला कानाचा : ऐकलेल्या ध्वनीवरून ते अनेक शब्दांची अटकळ बांधते व प्रत्येकीस विश्वासाचा अंक देते. दुसरा अर्थाचा : ‘बाजाराजवळ’ म्हणजे किती जवळ? पायी चालणाऱ्याचे ‘जवळ’ निराळे, मालमोटारीचे निराळे. अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेतील संशोधकांनी १९८९ मध्येच केंब्रिज शहरातील ठिकाणांविषयी तोंडी प्रश्नांना उत्तरे देणारी ‘व्हॉयेजर’ ही प्रणाली सादर केली होती. तेव्हापासून या शास्त्राचे मर्म एकच : खात्री असेल तेथे पुढे जावे, किंचित संशय असेल तेथे ऐकलेले बोलून दाखवावे, पुष्कळ असेल तेथे स्पष्ट विचारावे.

चांगला मुनीमही ‘शंभर पोती तूर, बेळगाव-शहापूर; बरोबर ना?’ असे विचारूनच बिल्टी करतो. मात्र यंत्र दर वेळी विचारीलच असे नाही. म्हणून व्यापारीबंधूंनी गावासोबत तालुका, जिल्हा व पिनकोड सांगण्याची शिस्त चालकांस लावावी आणि गाडी हलण्यापूर्वी नकाशावरील अंतराचा आकडा अवश्य पाहावा. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता निघण्यात मात्र नुकसान आहे.