प्रौढ वयात अभियांत्रिकीचे अध्ययन

मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वस्थ बसून खर्चाचा हिशेब करावा, अशी शिकवण लूककृत शुभवर्तमानात आहे. गेल्या वर्षी एका पालकांच्या भेटीने आम्हांस ह्या दृष्टांताची आठवण झाली.

हे गृहस्थ आमचे माजी विद्यार्थी. पदविका घेतल्यावर सोळा वर्षे कारखान्यात काम करून त्यांनी पदवीचा अभ्यास आरंभिला. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. ही सवलत मोठी खरी. परंतु तीमुळे पहिल्या वर्षाचे गणित वर्गात बसून शिकावयाचे राहून जाते, आणि पुढील गणित तर ते येतेच असे धरून चालते. पहिल्याच सत्रात ते गणितात अनुत्तीर्ण झाले. "सर, वय झाले. आता डोक्यात शिरत नाही," असे ते मान खाली घालून म्हणाले. घरखर्चातून काढलेले शुल्क, रात्रपाळीनंतरची जागरणे आणि नववीतील मुलासमोर झालेला संकोच, हे सारे त्या वाक्यात होते.

आम्ही त्यांची वही पाहिली. विकलनाचा नियम बिनचूक लिहिलेला. पण पुढच्याच ओळीत अपूर्णांकांचे छेद समान करताना घोटाळा, आणि कंस सोडविताना ऋण चिन्ह हरवलेले! दोष वयाचा नव्हता. वापरावाचून पडलेले हत्यार जसे गंजते, तसे त्यांचे शाळेतील बीजगणित गंजले होते. प्रौढ विद्यार्थ्याने प्रथम हा गंज काढावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

ह्या कामी त्याचा अनुभव हीच त्याची ठेव होय. साइन बारचे उदाहरण घेऊ. ही पोलादाची सरळ पट्टी असून तिच्या दोन टोकांस सारख्या व्यासाचे दोन रूळ असतात. रुळांच्या मध्यांतील अंतर २०० मिलिमीटर आहे असे समजा. एक रूळ सपाट पाटावर ठेवून दुसऱ्याखाली १०० मिलिमीटर उंचीचे मापठोकळे ठेवले, की पट्टी पाटाशी बरोबर ३० अंशांचा कोन करते. कारण १०० भागिले २०० म्हणजे अर्धा, आणि ३० अंशांची ज्या, म्हणजे साइन, अर्धीच असते. आमच्या ह्या मित्रांनी तक्ता पाहून असे कोन शेकडो वेळा लावले होते. तोच काटकोन त्रिकोण मुलाच्या भूमितीच्या पुस्तकात आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. हाताला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर ओळखता आली, की भीती निम्मी सरते.

विकलनाचेही तसेच. १० सेंटिमीटर बाजूचा चौरस पत्रा तापून प्रत्येक बाजू ०.०१ सेंटिमीटरने वाढली, तर क्षेत्रफळ किती वाढेल? दोन कडांस दोन अरुंद पट्ट्या जोडल्या गेल्या असे माना. त्यांचे क्षेत्रफळ २ × १० × ०.०१, म्हणजे ०.२ चौरस सेंटिमीटर. कोपऱ्यातील इवलासा चौरस ०.०००१ एवढाच, तो नगण्य होय. क्षच्या वर्गाचे विकलन २क्ष का, ह्याचे उत्तर त्या दोन पट्ट्यांत आहे.

आम्ही त्यांस बारा आठवड्यांचा क्रम आखून दिला. पहिले चार आठवडे अपूर्णांक, घातांक, कंस व समीकरणे. पुढचे चार त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, आलेख आणि एककांचे रूपांतर. शेवटचे चार सीमा व विकलन. रोज एक तास, पण नेमाने. रविवारी एका बैठकीत सहा तास नव्हे. सोडविलेले उदाहरण नुसते वाचू नये. पुस्तक मिटून ते पुन्हा स्वतः सोडवावे. चूक झाली तर ती कोणत्या ओळीत झाली, हे वेगळ्या वहीत टिपून ठेवावे. एका महिन्यात ती वहीच आपला शिक्षक होते. भारतीय तंत्रविज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटेल उपक्रमाची व्याख्यानेही विनामूल्य ऐकावयास मिळतात. तथापि ऐकणे म्हणजे सोडविणे नव्हे.

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले, तेच मुळी सार्वजनिक बांधकामावरील दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी. काम आणि विद्या यांचा आपल्या प्रांतातील हा संबंध जुनाच आहे. तेव्हा हातांनी काम करणाऱ्याने महाविद्यालयाच्या पायरीवर संकोचून उभे राहण्याचे कारण नाही.

विद्यार्थिमित्रहो, ज्या अपूर्णांकांचा तुम्हांस आज कंटाळा येतो, त्यांचे ऋण पुढे व्याजासह फेडावे लागते, हे ह्या गोष्टीवरून ध्यानात घ्या. आणि पालकहो, मुलांपुढे पुस्तक उघडण्यास लाजू नका. आमचे हे मित्र व त्यांचा मुलगा आता एकाच मेजाशी अभ्यासास बसतात. वडिलांची ऋण चिन्हे मुलगा तपासतो. फेरपरीक्षा होऊन गेली असून निकाल अद्याप लागावयाचा आहे. मुलाने मात्र ह्या सहामाहीत गणिताचा एकही गृहपाठ चुकविलेला नाही.