हरवलेला 'ऱ्या'

मागच्या सत्रात टिपणासाठी मला महात्मा फुल्यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' हवा होता. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर नाव घातले. उत्तर आले, 'नोंद नाही'. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आपलेच शुद्धलेखन चुकले असणार असे समजून तीनदा नाव बदलून पाहिले आणि निमूट परतलो. आठवड्याने तोच 'असूड' कपाटात दिसला! शेतकऱ्याच्या पोराला शेतकऱ्याचेच पुस्तक मिळू नये, याचा रागच आला.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या सरांना गाठले. त्यांनी उलगडा केला तो असा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि शोध त्या क्रमांकांवरून चालतो. आपला 'ऱ्या' दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'या'. दुसरीत साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'या'. डोळ्यांना दोन्ही सारखेच. नोंद दुसऱ्या रीतीची होती, माझा मोबाईल पहिल्या रीतीने लिहीत होता.

सरांनी आधी सोपा उपाय केला. शोधताना अदृश्य चिन्हे गाळायची, असा नियम घातला. 'असूड' तरीही सापडेना. शिवाय 'दर्या' शोधले की डोंगरदऱ्यांची पुस्तके येऊ लागली! चिन्ह गळताच 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता. आचाऱ्यास दिलेली दक्षिणा आचार्यास पोचावी, तसाच हा घोळ. (आमचे व्याकरणाचे सर हे उदाहरण वर्गात नेहमी देतात. त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.)

मग क्रम बदलला. आधी 'र', हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी 'ऱ' व हलन्त घालायचे, उरलेली जोडचिन्हे त्यानंतर गाळायची. हा नियम शोधाची सूची बनवताना आणि वाचकाने घातलेल्या शब्दालाही, असा दोन्हीकडे लावावा लागतो. एकीकडेच लावला तर गाठ पडत नाही. मूळ नोंदींना हात लावावा लागला नाही, फक्त सूची नव्याने बांधली.

आता 'असूड' कसाही लिहा, सापडतो. 'ॲ'चे मात्र बाकी आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या रीतीने 'अ'वर चंद्र काढून केलेल्या नोंदी अजून हाती लागत नाहीत. सुट्टीत बसू, असे सर म्हणाले आहेत.