गळ्यापर्यंत आलेले पाणी

लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फाइव्ही 1815मध्ये सुरतेत आले. 1820च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे गुजराती बायबल याच शहरात छापून निघाले. पूर, भरती आणि खाजण यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या गावात बायबलमधल्या संदेष्ट्यांची झाडे आणि नद्या पोचल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या झाडा-नद्यांत जगाच्या अंताची तारीख शोधणारे पुष्कळ भेटतात. त्या पाण्याची चव घेऊन पाहणारे थोडेच.

यशयाचे आठवे प्रकरण घ्या. इ.स.पू. आठव्या शतकात यहूदाचा राजा आहाज शेजाऱ्यांच्या भीतीने अश्शूरच्या आश्रयाला गेला. यशयाने त्याला दोन पाणी दाखवली. एक यरुशलेमचे संथ शिलोह, दुसरी दोन्ही काठ सोडून येणारी फरात, म्हणजे अश्शूर. ती फरात देशभर पसरून गळ्यापर्यंत चढेल, असे तो बजावतो. ज्या बलाढ्याचा आधार घेतला तोच अंगावर येतो, हा राजकारणाचा धडा त्याने पुराच्या भाषेत दिला. ऑगस्ट 2006मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेच्या अडाजण-रांदेर भागांत घराघरांत शिरले, तेव्हा तापीकाठी राहणाऱ्यांना ही भाषा कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

झाडांचेही तसेच. अश्शूरची राजधानी निनवे इ.स.पू. 612मध्ये पडली. पाव शतकानंतर यहेज्केल मिसरच्या फारोला अश्शूरची गोष्ट ऐकवतो: लबानोनचा गंधसरू, फांद्यांत पाखरांची घरटी, सावलीत राष्ट्रे, आणि शेवटी कुऱ्हाड. दानीएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सरला स्वप्नात दिसलेले झाडही तोडले जाते, पण बुंधा लोखंड-पितळेच्या पट्ट्याने बांधून जमिनीत राखला जातो. मला हा पट्टा सगळ्यात बोलका वाटतो. शिक्षा आहे, पण नायनाट नाही. यशयाही इशायच्या बुंध्याला कोंब फुटेल म्हणतो, तो याच आशेने.

मग येते यहेज्केलचे सत्तेचाळीसावे प्रकरण. इ.स.पू. 597मध्ये बाबेलला नेलेला हा पुरोहित हद्दपारीच्या पंचविसाव्या वर्षी मंदिराच्या उंबऱ्याखालून झरणारे पाणी पाहतो. सोबतचा माणूस दोरीने हजार-हजार हात मोजतो. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, शेवटी पोहूनच जावे इतके. एकही उपनदी नसताना ते वाढते. पुढे ते मृत समुद्रात उतरते. तो समुद्र साध्या समुद्राच्या सुमारे दहापट खारा. तिथे मासे होतात, एन-गेदीच्या किनाऱ्यावर कोळी जाळी वाळत घालतात. दोन्ही काठांच्या झाडांना दर महिन्याला फळ येते, पाने औषधाला लागतात. प्रकटीकरणाच्या शेवटच्या प्रकरणात हीच पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी येतात.

पण अकरावे वचन बहुतेक प्रवचनांत गाळले जाते. दलदली मात्र गोड होत नाहीत. त्या मिठासाठी राखल्या जातात. स्वर्गीय दृष्टांतातही यहेज्केलला घरातल्या मिठाची आठवण राहिली. गोडे आणि खारे अशी दोन पाणी इथेही आहेत: मुलताईला उगम पावून भुसावळवरून आलेली तापी सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्याशी खाऱ्या पाण्याला भेटते. वरच्या अंगाचे गोडे पाणी शहराला पिण्यासाठी, खालचे भरतीचे. दोन्ही पाण्यांचा उपयोग जाणणाऱ्यालाच ते वचन कळेल.

म्हणून वाचकांना विनंती: यशयाचे आठवे आणि यहेज्केलचे सत्तेचाळीसावे प्रकरण एका बैठकीत वाचा, आणि अकरावे वचन गाळू नका.