‘आमचे सर तसे नाहीतच!’

शिकवणीचे सर, खेळाचे प्रशिक्षक, आश्रमाचे चालक किंवा घरातलेच काका. अशा कुणावर लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, की संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडतात. एकाला सर देवमाणूस वाटतात, दुसरा त्यांना भर चौकात फाशी द्यायला निघतो. तपास सुरूही झालेला नसतो, पण निकाल दोघांच्याही खिशात असतो. अशा चर्चेत हमखास ऐकू येणारे हे काही समज.

गैरसमज : इतका सज्जन माणूस असं करणारच नाही.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. मडगावात ‘गुरुकुल’ नावाचं आश्रयस्थान चालवणाऱ्या फ्रेडी पीटला अनाथ मुलांचा कैवारी म्हणून मान होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. मुलांपर्यंत पोहोचायचं तर आधी मोठ्यांचा विश्वास लागतो. म्हणून समाजातला मान हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. तो गुन्ह्याचाही पुरावा नाही, हे अर्थातच खरं.

गैरसमज : खरं असतं तर मूल तेव्हाच बोललं असतं.

वस्तुस्थिती : बहुतेक मुलं लगेच बोलत नाहीत. कुणाला धमकी दिलेली असते, कुणाला खाऊ. कुणाकडे झालेल्या गोष्टीसाठी शब्दच नसतो, आणि कुणाचा त्या माणसावर मनापासून जीव असतो. मूल तुकड्यातुकड्यांनी सांगतं, कधी घाबरून सांगितलेलं मागेही घेतं. तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. आणि हे फक्त मुलींच्याच बाबतीत घडतं असंही नाही. बाल लैंगिक अत्याचारांविरुद्धचा ‘पोक्सो’ कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण देतो.

गैरसमज : पोलिसांत जाण्याआधी मुलाला खोदून विचारून खात्री करावी.

वस्तुस्थिती : चांगल्या हेतूने होणारी ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात १९८३ मध्ये पोलिसांनीच सुमारे २०० पालकांना पत्र पाठवलं. त्यात संशयिताचं नाव होतं, काय घडलं असावं याचा अंदाज होता आणि मुलांना विचारा अशी विनंती. पुढे मुलांच्या मुलाखतीही उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांनीच झाल्या. प्रकरण सात वर्षं चाललं आणि १९९० पर्यंत एकही दोषी ठरला नाही. मुलं खरं काय सांगत होती, हे त्या प्रश्नांच्या ढिगाऱ्यातून वेगळं काढणंच अशक्य झालं.

आपल्याकडे पोक्सोनुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कोर्टातही वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. म्हणून मोठ्यांनी एवढंच करावं : शांतपणे ऐकावं, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये.

गैरसमज : आधी संस्थेने चौकशी करावी, मग बघू.

वस्तुस्थिती : गुन्हा घडेल अशी शंका असली किंवा घडल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न दिल्याचा आरोप होता. हायकोर्टाने रद्द केलेला तो गुन्हा सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा कायम केला आणि गप्प राहणं हाच गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती सूडबुद्धीने रचलेल्या खोट्या तक्रारीला, आणि तीही मोठ्यांना. मुलाला नाही.

गैरसमज : आम्ही मुलाचं नाव कुठे घेतलं?

वस्तुस्थिती : पोक्सोच्या कलम २३ नुसार नावच नव्हे, तर पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, वस्ती असा ओळख पटवणारा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही. ‘चौथीतली, शेवटच्या बाकावरची, वडील बँकेत’ एवढ्यावर गावाला मूल कळतं. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव फिरवलं तरी मूल ओळखू येतं.

गैरसमज : आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध, जामीन मिळाला म्हणजे निर्दोष.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. जामीन हा खटला चालेपर्यंतचा प्रश्न. आणि निकाल कसा फिरतो हे मुंबईच्या अँकरेज आश्रयगृहांच्या प्रकरणात दिसलं. त्यांच्या चालकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवलं, हायकोर्टाने २००८ मध्ये सोडलं आणि सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये पुन्हा दोषी ठरवलं. न्यायाधीशांचं मत एवढं बदलू शकतं, तिथे फॉरवर्ड वाचून दिलेल्या निकालाची किंमत काय? बदलापूरमध्ये लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या आरोपानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि जागेवरच फाशीची मागणी झाली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्यावरचा खटला कधीच पूर्ण होणार नाही आणि त्या मुलींच्या बाजूने कोर्टाने जे नोंदवायचं होतं, तेही राहून गेलं.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली, की ती पुढे पाठवू नका. माहिती असेल तर पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला सांगा. नसेल तर गप्प राहा. त्या मुलाला सोमवारी पुन्हा शाळेत जायचं असतं.